हाकेची फुगडी

पुतळी झिलू वेळीप मॉरिशसला जाऊन आली, हे जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावात निम्म्या लोकांना अजून खरं वाटत नाही. उरलेले निम्मे म्हणतात, गेली होती ती खरीच, पण तिथून पुरती परत आली नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

बाई दिसायला चारचौघींसारखी. अणशीच्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत चालत गेलं की जंगलात त्यांची वाडी. भाताची थोडी खाचरं, परसात कंदांचे वाफे आणि पावसाळा सरला की फॉरेस्टातली मजुरी. नवरा झिलू बोलण्यात इतका कंजूष, की लग्नानंतर त्याचा आवाज ऐकायला पुतळीला पुढचा श्रावण उजाडावा लागला, असं बायका सांगतात. पुतळी मात्र तोंडाची. कोणी उगाच शहाणपणा केला की त्याला जागच्या जागी बसवायची. तीच बाई मांडावर उभी राहिली की वेगळी व्हायची, आणि तिच्याशी चेष्टा करायची कोणाची छाती होत नसे.

मांड म्हणजे गावाची नाचायची आणि गाऱ्हाणं घालायची जागा. शेणाने सारवलेली, चप्पल बाहेर काढून जायची. पौषात तिथे बायका जमतात, फुगड्या होतात, आणि शेवटच्या दिवशी उन्हं कलली की हाकेची फुगडी असते. गावातल्या मेलेल्या लेकीसुनांना नावाने हाक घालायची. त्या येतात, जिवंत बायकांच्या हातांत हात घालून फेरे घेतात, आणि उजेड आहे तोवर त्यांना एकेकीचं नाव घेऊन वाटेला लावायचं. ज्या जागी, ज्या तोंडाने हाक घातली त्याच जागी, त्याच तोंडाने वाट दाखवायची, आणि बोलावलेलं माणूस मागे ठेवायचं नाही, एवढाच काय तो नियम. दुसऱ्या कोणी कितीही घसा कोरडा केला तरी मेलेलं माणूस ऐकत नाही. जिवंत तरी कुठे ऐकतं म्हणा.

हाक घालायचा मान पुतळीला सासूकडून आला होता. बाळंतपणात गेलेली, नदीत वाहून गेलेली, म्हातारी होऊन झोपेत गेलेली, सगळी वाडी तिच्या जिभेवर होती. एकच नाव ती घेत नसे, पोटच्या पोरीचं. शिल्पा एकुलती एक, विशीही गाठली नव्हती, एका पावसाळ्यात तापाने गेली. दर पौषात बायका पुतळीच्या तोंडाकडे बघत, या साली तरी घेईल म्हणून. शेजारच्या शकुंतलेने एकदा न राहवून विचारलं.

"पुतळक्का, पोरीला येकदा बलव की गो. वाट बघत आसंल ती."

"बलवणं सोपं हाय," पुतळी म्हणाली. "पर दिस बुडायच्या आदी माज्याच तोंडानं तिला जा म्हनू व्हय?"

त्यानंतर शकुंतलेने तो विषय काढला नाही.

असं चाललं असताना मॉरिशसहून रोहन नावाचा मराठीचा मास्तर जोयड्यात आला. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेले. तिकडच्या पोरी अजून गौरी-गणपतीला नाचतात, पण फुगडीची गाणी आजीबायांबरोबर संपत चालली, ती शिकवणारं कोणी मिळतं का हे बघत तो हिंडत होता. कोणी तरी त्याला कुंभारवाड्याला धाडलं. पौषातली फुगडी बघून तो पुतळीपुढे हात जोडून उभा राहिला. "मावशी, आपण आमच्याकडे याल का? आमच्या मुलींना शिकवाल का?" पुतळीने झिलूकडे पाहिलं. झिलू म्हणाला, "जा." झिलूच्या मानाने ते भाषणच झालं.

तिकडे पुतळीला पहिल्यांदा काय खटकलं असेल तर तिथलं मराठी. पोरी शाळेत शिकलेलं बोलायच्या, तेही पुस्तकातून उचलून ताटात वाढल्यागत. "मावशी, आपण भोजन केलेत का?" असं एकीने विचारल्यावर पुतळी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "भोजन राजा करतोय गो, आमी जेवतो," ती म्हणाली. विचारणारी होती प्रियांका. कॉलेजात जाणारी, उंच, अंगाने बारीक, घरात आणि मैत्रिणींत तिथलीच क्रिओल भाषा बोलणारी. पण पुतळीशी मात्र हट्टाने मराठीत बोलायची, आणि प्रत्येक वाक्यात आपण-आपण करायची. पुतळी तिच्याच घरी उतरली होती.

दुपारी तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये फुगडी शिकवायची आणि सकाळी घरोघर जायचं, असा रोहनने बेत आखला होता. उसाच्या मळ्यांमधून लाल मातीचे रस्ते, पत्र्याची घरं, दारात तुळस. प्रत्येक घरी फराटा नावाची त्यांची चपाती आणि भाजी पुढे यायची, आणि मग भिंतीवरचे फोटो दाखवायचे. ही आजी, ही तिची आई. त्यामागच्या बायांचे फोटोच नव्हते, नुसती नावं होती. ती नावं सांगताना लोकांचा आवाज खाली यायचा. पुतळीला हे सवयीचं होतं, तरी इथे तिला चैन पडेना. एवढ्या बाया समुद्र ओलांडून आल्या, इथेच मेल्या, आणि त्यांना एकदाही कोणी मांडावर बोलावलं नाही. त्या कुठे थांबल्या असतील, असं तिच्या मनात यायचं आणि उसातून वारा गेला की ती मागे वळून बघायची.

रोहनने हाकेच्या फुगडीचं सगळ्यांना सांगितलं होतं. शांता नावाच्या एका म्हातारीने तिचा हात धरला तो सोडेचना. "माझी पणजी बोटीतून उतरली ती उतरलीच," म्हातारी म्हणाली. "तिला एकदा बोलावशील?" एकीने मागितलं तसं मग सगळ्या घरांनी मागितलं. पुतळी आधी नको म्हणाली. मग तिने विचार केला, इथे आपला गाव नाही, गावाचा राखणदार देव नाही, भुई सिमेंटची. इथे कोण येतंय. पोरींना रीत तरी कळेल. आणि इथेच ती चुकली.

शेवटच्या दिवशी हॉल भरला होता. पुतळीने कोपऱ्यातून पाणी शिंपडलं, मध्ये तांदळाची रेघ ओढली आणि सगळ्यांना चपला काढायला लावल्या. पोरींनी जोड्या धरल्या. पोरी सात, त्यात प्रियांका जोडीविना उरली, म्हणून पुतळीने स्वतः तिचे हात धरले आणि गायला सुरुवात केली.

"ये गो बाय, ये गो, मांड भरला,
तुज्या नावाचा हात गो मोकळा ठेवला."

एकेक नाव ती घेत गेली. शांता म्हातारीची पणजी, कोणाची आत्या, कोणाची धाकटी बहीण. म्हाताऱ्या रडत होत्या, पोरी फेर धरत होत्या, आणि पुतळीला वाटलं, हे सोपं आहे की. सगळी नावं संपली. तिने श्वास घेतला आणि तिच्याही नकळत तोंडातून नाव गेलं. शिल्पा.

इतकी वर्षं ओठांशी अडवून धरलेलं नाव निसटलं ते असं, परक्या देशातल्या सिमेंटच्या भुईवर. दुसऱ्याच क्षणी प्रियांकाच्या हातांची पकड बदलली. शिल्पाची फुगडीत एक खोड होती, जोडीदारणीच्या तळहातात ती आपला अंगठा मुडपून दाबायची, आणि पुतळी तिला त्यावरून नेहमी ओरडायची. तोच अंगठा आता पुतळीच्या तळहातात रुतला. ती फिरत राहिली. तिला थांबायचं नव्हतं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि भीतीही.

मग वाट दाखवायची वेळ आली. पुतळीने शांता म्हातारीच्या पणजीला वाटेला लावलं, आत्यांना लावलं, बहिणींना लावलं. शेवटचं नाव राहिलं. बाहेर उन्हं कलत होती, लोक तिच्याकडे बघत होते. पुतळीने हात जोडले आणि गाणं तिथेच संपवलं. हॉलमधल्या कोणालाच काही कळलं नाही. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ती विमानात बसली.

घरी आल्यावर चारसहा दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. वाडीत मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर फाट्यावर, बस थांब्यापाशी यावं लागतं. इतकी वर्षं पुतळी त्या थांब्याकडे बघायचीसुद्धा नाही, जायचंच झालं तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून भरभर पार व्हायची. आता ती रोज दुपारी तिथे जाऊन बसायला लागली.

फोनवर प्रियांकाची आई पहिल्यांदा सहजच बोलली. पोरी अजून हॉलमध्ये फुगडी घालतात, पण एक गंमत होते म्हणाली. पोरी सात, त्यामुळे एक नेहमी बाजूला राहायची, आळीपाळीने. आता कोणीच राहत नाही. सगळ्या नाचतात, सगळ्या दमतात, आणि मागून विचारलं तर प्रत्येक पोरगी म्हणते, माझा हात कोणीतरी धरला होता. पुतळीने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आनी प्रियांका? ती जेवती का बरी?"

"जेवते. भात मागते सारखा. पूर्वी खायची नाही."

शिल्पाला रोज भातच लागायचा. पुतळीला हसू आलं. मग तिला त्या हसण्याची लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फाट्यावर हजर होती. काय खाल्लं, किती झोपली, हसते का. प्रियांकाच्या आईला वाटायचं, किती माया या बाईची. असंच एकदा फोन खुद्द प्रियांकाने उचलला.

"आये," ती म्हणाली, "जेवलीस काय गो?"

आपण नाही, भोजन नाही, मावशी नाही. वाडीतलं बोलणं आणि वाडीतलाच हेल. पुतळी थांब्याच्या कट्ट्याला टेकून बसली.

"जेवले बाय," ती म्हणाली. "तू?"

त्या दिवशी ती घरी गेली ती गाणं गुणगुणत. झिलूने पाहिलं, आणि रात्रीचं जेवण त्याने अर्ध्यावर टाकलं. पुढे रोज फोन व्हायचा. प्रियांका कधी तिच्या पुस्तकी मराठीत बोलायची, कधी क्रिओलमध्ये. आणि कधी मध्येच आवाज बदलायचा आणि आये म्हणून हाक यायची. पुतळी त्या एका हाकेसाठी बसून राहायची. पोरीचा स्वतःचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता, परक्याची पोर झिजतेय हे तिला कळत होतं. तिने ते स्वतःला कळू दिलं नाही.

मग एक दिवस प्रियांकाची आई रडतच बोलली. पोरगी रोज संध्याकाळी पिशवीत कपडे घालून गावाबाहेरच्या बस थांब्यावर जाऊन बसते. बस येते, थांबते, जाते. ही उठत नाही. विचारलं तर म्हणते, माझी गाडी अजून आली नाही. आता तर अंगात ताप आहे, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि तरी ती उठून तिकडेच निघते.

पुतळीने फोन कानापासून दूर केला.

शिल्पाचं शेवटचं कसं झालं हे तिने मॉरिशसमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. गावातही कोणी ते तोंडाने बोलत नाही. काढ्याने ताप उतरेना, तेव्हा झिलूने आणि शेजाऱ्यांनी पोरीला फाट्यापर्यंत उचलून आणलं होतं, बसने दवाखान्यात न्यायला. पाऊस कोसळत होता. घाटात रस्त्यावर झाड आडवं झालंय हे त्यांना माहीत नव्हतं. पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, आये, गाडी आयली? आणि पुतळी म्हणत होती, येतीया बाय, आत्ता येतीया. मग विचारणं थांबलं. पुतळीला वाटलं डोळा लागला. गाडी येतीया, गाडी येतीया, असं ती बराच वेळ त्या पोरीला सांगत राहिली, झिलूने पुतळीच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत.

आणि आता ती समुद्रापल्याड, दुसऱ्याच्या लेकीच्या अंगात, अजून त्याच गाडीची वाट बघत बसली होती. तिला तिथे कोणी ठेवलं हे पुतळीला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती महाबळेश्वराकडे गेली, तो गावकार, गावाचा पहिला मानकरी. मांडावरच्या रीतीभातीत त्याचा शब्द शेवटचा. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं आणि सुपारी तोंडात टाकली.

"जितं बलवलीस तितंच वाट दावाय पायजे," तो म्हणाला.

"आता परत कुटं जाऊ त्या मुलखात? पोर तवर ऱ्हायची न्हाई."

"तू जायाला पायजे आसं न्हाई. तुजं तोंड पोचाय पायजे. आवाज जातोय न्हवं त्या डबड्यातनं?"

"जातोय."

"मग झालं की." उठता उठता तो म्हणाला, "पुतळे, एक ध्यानात ठेव. वाट दावताना ती हाक मारंल. वो द्यायची न्हाई. वो दिलीस की माघारी वळली म्हनून समज."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतळी फाट्यावर आली, बरोबर झिलू होता. तिने न बोलावता तो आला होता. ऊन होतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. तिकडे, तिने फोनवर सांगितल्याप्रमाणे, रोहनने आणि प्रियांकाच्या आईने पोरीला उचलून हॉलमध्ये आणून निजवलं होतं, तिच्या उशाशी फोन ठेवला होता. पुतळीने चप्पल काढली. तांदळाची रेघ ओढली ती डांबराच्या कडेला, मातीत.

पहिली ओळच तिच्याने म्हणवेना. एवढ्या जणींना तिने वाटेला लावलं होतं, कधी अडली नव्हती. तिला मनापासून वाटलं, फोन ठेवावा आणि घरी जावं. पोर कोणाची, आपल्याला काय. असं वाटलं, आणि असं वाटणारी आपण कोण झालो याचं तिला भय वाटलं. तिने गायला सुरुवात केली.

"जा गो बाय, जा गो, उजेड हाय तवर,
शिल्पा माजे बाय गो, पाय ठेव वाटंवर."

पलीकडून कण्हणं ऐकू येत होतं. पुतळी वाट सांगत गेली. हॉलचा उंबरा ओलांड, उसाचा मळा ओलांड, खारं पाणी ओलांड. कण्हणं थांबलं. मग स्पष्ट, अगदी कानाशी आवाज आला.

"आये, गाडी आयली गो."

पुतळीचं गाणं तुटलं. झिलूने तिचा दंड घट्ट धरला. वो द्यायची न्हाई. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा सासूने दिलेल्या गाण्यात आपल्या पदरची ओळ घातली. वो दिली नाही. गायली.

"चढ गो बाय, चढ गो, खिडकीकडची जागा,
आये तुजी बरी हाय गो, बघू नको मागा."

फोनमधून काहीच ऐकू येईना. पुतळीने नाव घेऊन तीनदा पाणी शिंपडलं आणि तांदळाची रेघ पायाने मोडली. पलीकडे हळूहळू माणसांचे आवाज आले. प्रियांकाच्या आईने सांगितलं, कपाळाला घाम फुटलाय, अंग निवतंय. पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं. फोन तिच्या हातात दिला.

"मावशी," प्रियांका म्हणाली, आवाज थकलेला पण तिचा स्वतःचाच. "आपण कशा आहात? मला फार झोप लागली होती."

"बरी हाय बाय," पुतळी म्हणाली. "तू जेव आता."

फोन बंद झाला. झिलू तिच्याकडे बघत उभा होता. एवढ्या वर्षांत त्याने बायकोला आपण होऊन क्वचितच काही विचारलं असेल.

"काय म्हनली?"

"मावशी म्हनली," पुतळी म्हणाली, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून मोठ्याने रडली.